जे. बी. एस. हाल्डेन : न दिसणाऱ्या रंगाचा हिशोब मांडणारा शास्त्रज्ञ



आजच्या लेखात एका मोठ्या शास्त्रज्ञाची ओळख करून घेऊ. पण सुरुवात पिंजऱ्यापासून करावी लागेल. आपल्या छत्रपती संभाजीनगरात पाळीव पक्ष्यांच्या दुकानासमोर थांबलात तर लव्हबर्डच्या शेजारच्या पिंजऱ्यात चिमणीपेक्षाही लहान, लाल चोचीचे पक्षी दिसतात. गळ्याखाली काळ्या बारीक रेघा, गालावर नारिंगी ठिपका आणि तोंडाने सतत बारीक आवाज. हा झेब्रा फिंच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. राळे-बाजरी खातो, मटकीत घरटे करतो आणि पटापट पिल्ले देतो, म्हणून नवशिके लोक आधी हाच पक्षी पाळतात. (आपल्याकडची मुनिया याच कुळातली आहे, पण ती रानपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. मुलांना हे आवर्जून सांगावे.)

पक्षी पाळणाऱ्यांना हमखास पडणारा प्रश्न असा, की नर राखाडी, मादीही राखाडी, मग मटकीतून पांढरे शुभ्र पिल्लू कसे बाहेर आले? कुणी म्हणते खाण्यात बदल झाला, कुणी म्हणते नजर लागली. पिल्लू तर ठणठणीत असते! दुसरा प्रश्न आणखी गमतीचा. तपकिरी नर आणि राखाडी मादी यांची जोडी लावली, तर सगळ्या मुली तपकिरी आणि सगळी मुले राखाडी निघतात. बापाचा रंग मुलींना मिळतो, मुलांना मिळत नाही, असे का?

या प्रश्नांचा पाया ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्यावर घातला हे आपण पाठ्यपुस्तकात शिकतोच. मेंडेल यांचे नियम प्राण्यांना लावून, त्यांचे गणित मांडून, त्या गणिताचा उपयोग माणसांवरचा अन्याय दाखवण्यासाठी करणारे शास्त्रज्ञ म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन, म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन. जन्म इंग्लंडचा, मृत्यू मात्र आपल्या भुवनेश्वरचा, आणि तोही भारताचे नागरिक म्हणून.

बालपण

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनाचा अभ्यास करणारे नामवंत शास्त्रज्ञ. कोळशाच्या खाणीत स्फोटानंतर मजूर कशाने मरतात याचा त्यांनी शोध घेतला. वास नसलेला, रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू हा खरा मारेकरी निघाला. तो ओळखायला त्यांनी उपाय सुचवला, खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यायचा. इवल्याशा पक्ष्यावर विषारी वायूचा परिणाम माणसाच्या आधी होतो. पक्षी दांडीवरून कलंडला की मजुरांनी बाहेर पळायचे. कॅनरी हासुद्धा फिंच कुळातलाच पक्षी, बरं का. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. पक्ष्याच्या जिवावर माणूस जगवायचा, ही गोष्ट ऐकून वर्गातली मुले गप्प होतात. त्यांना तसे गप्प होऊ द्यावे.

हे वडील मुलाला खाणीतही घेऊन जात. एकदा त्यांनी लहानग्या जॉनला खाणीच्या एका भागात उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. खाली पडल्यावर मात्र श्वास नीट सुरू झाला. मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, जमिनीलगत हवा चांगली राहते. हा धडा मुलगा जन्मभर विसरला नाही. आजच्या पालकाने असे काही करू नये हे वेगळे सांगायला नको. पण पुढे हाल्डेन स्वतःच्या शरीरावरच प्रयोग करत राहिले, त्याचे मूळ इथे आहे.

१९०१ मध्ये वडिलांनी त्यांना मेंडेलच्या नियमांवरील व्याख्यानाला नेले. मुलगा ८ वर्षांचा. मेंडेल यांचे विस्मरणात गेलेले काम जगासमोर परत येऊन जेमतेम वर्ष झाले होते. व्याख्याते होते आर्थर डार्बिशर, जे उंदरांच्या रंगांवर प्रयोग करत होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जॉनची धाकटी बहीण नाओमी. (ती पुढे नाओमी मिचिसन या नावाने मोठी लेखिका झाली.) तिने गिनीपिग पाळायला सुरुवात केली आणि भाऊही त्यात पडला. घरापुढच्या हिरवळीवर तारेच्या जाळ्या लागल्या आणि बघता बघता सुमारे ३०० गिनीपिग जमले. कोणत्या जोडीला कोणत्या रंगाची किती पिल्ले झाली याची भाऊ-बहीण नोंद ठेवत. आपण मुलांना निरीक्षण वही करायला सांगतो ना, तसेच. फक्त यांची वही पुढे शास्त्रापर्यंत गेली.

रंग नाहीसा होत नाही, लपतो

आता आपल्या पांढऱ्या पिल्लाकडे येऊ. प्रत्येक पिल्लाला बहुतेक गुणांसाठी दोन जनुके मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. झेब्रा फिंचमध्ये राखाडी रंग प्रभावी आणि पांढरा अप्रभावी आहे. एक जनुक राखाडीचे आणि एक पांढऱ्याचे असेल तर पक्षी दिसतो राखाडीच. पण पांढऱ्याचे जनुक त्याच्या पोटात बसलेले असते. पक्षी पाळणारे अशा पक्ष्याला स्प्लिट म्हणतात. दोन स्प्लिट पक्ष्यांची जोडी लागली तर सरासरी ४ पिल्लांत १ पिल्लू दोन्हीकडून पांढऱ्याचे जनुक घेऊन येते. तेच ते पांढरे पिल्लू. ना नजर, ना खाणे. आजी-आजोबांच्या काळापासून चालत आलेली गोष्ट इतके दिवस दिसली नव्हती, एवढेच.

हे वर्गात करून बघता येते. मधोमध फोडलेले दोन चिंचोके घ्या. तपकिरी बाजू म्हणजे राखाडी रंगाचे जनुक, पांढरी बाजू म्हणजे पांढऱ्याचे. एक चिंचोका आईचा, एक वडिलांचा. दोन्ही एकदम टाका. दोन्ही पांढरे पडले तर पिल्लू पांढरे, नाहीतर राखाडी. १०० वेळा टाका आणि फळ्यावर खुणा करा. २५ च्या आसपास पांढरी पिल्ले येतात. चिंचोके एकाच बाजूने जास्त पडत असतील तर दोन नाणी घ्या. पण १०० वेळा टाकाच. ४ वेळा टाकून १ पांढरे आलेच पाहिजे असा हट्ट मुले धरतात. ४ अंड्यांत एकही पांढरे नसेल किंवा दोन असतील, दोन्ही चालते. नियम मोठ्या संख्येत दिसतो. हाल्डेन यांचे सारे आयुष्य ही मोठी संख्या समजून घेण्यात गेले.

सगळेच रंग असे लपून बसत नाहीत. झेब्रा फिंचमध्ये एक रुपेरी छटा प्रभावी आहे, एकाच पालकाकडून आली तरी लगेच दिसते. डोक्यावर तुरा असणे हाही प्रभावी गुण, पण त्यात एक मोठी मेख आहे. तुऱ्याचे जनुक दोन्ही पालकांकडून आले तर पिल्लू जगतच नाही. तुरेवाला नर आणि तुरेवाली मादी यांची जोडी लावली तर चारातला एक जीव सरासरी असाच जातो. पाळणाऱ्याला वाटते अंडी खराब निघाली. तुरेवाल्या पक्ष्याची जोडी साध्या डोक्याच्या पक्ष्याशीच लावायची असते. ज्यांच्या घरी हे पक्षी आहेत त्यांनी निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे.

युद्ध आणि उंदरांचा निबंध

हाल्डेन यांचे शिक्षण ईटन आणि नंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये झाले. ईटनमध्ये मोठ्या मुलांनी त्यांचा बराच छळ केला. ऑक्सफर्डला आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन व तत्त्वज्ञान घेऊन ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. म्हणजे विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती! आपल्याकडे दहावीनंतर शाखा ठरली की माणूस ठरला असे समजतात, त्यांच्यासाठी हे सांगितले.

विद्यार्थी असतानाच त्यांनी डार्बिशर यांचे उंदरांचे जुने आकडे पुन्हा तपासले. मेंडेलच्या नियमानुसार दोन वेगळे गुण एकमेकांवर अवलंबून न राहता पुढच्या पिढीत जायला हवेत. पण उंदराचा पूर्ण पांढरा रंग आणि गुलाबी डोळ्यांसह येणारा फिका रंग, हे दोन गुण तसे वागत नव्हते. ते एकमेकांना चिकटून चालत होते. का? कारण त्यांची जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत. बसमध्ये शेजारी बसलेले दोन प्रवासी बहुतेक वेळा एकत्रच उतरतात, तसे. कधीतरी गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते आणि दोघांची ताटातूट होते. दोघे जितके जवळ बसलेले, तितकी ताटातूट कमी. म्हणजे ताटातूट मोजली की दोन जनुकांमधले अंतर कळते! या अंतराच्या मोजमापाला सेंटीमॉर्गन हे नाव पुढे हाल्डेन यांनीच सुचवले.

दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबून न राहता त्यांनी मित्र ए. डी. स्प्रंट आणि बहीण नाओमी यांच्यासोबत स्वतः उंदीर वाढवले, पिल्ले मोजली. तेवढ्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. दोघेही मित्र सैन्यात गेले. तिघांच्या नावाचा निबंध १९१५ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा स्प्रंट युद्धात मारले गेले होते आणि हाल्डेन सैन्यात होते. सस्तन प्राण्यांमधील जनुकांची अशी जोडणी जगाला या निबंधाने प्रथम दाखवली. स्प्रंट यांचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही. विशीतला एक मुलगा उंदरांच्या पिल्लांचे रंग मोजत होता, आणि थोड्याच काळात तो नव्हता.

हाल्डेन दोनदा जखमी झाले, दुसऱ्यांदा इराकच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात. तिथून त्यांना बरे होण्यासाठी भारतात पाठवले. काही काळ ते महू येथे लष्करी प्रशिक्षणाच्या कामावर होते. होय, तेच महू, जिथे १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. भारताशी हाल्डेन यांची पहिली ओळख ही अशी झाली.

मुली बापासारख्या, मुले आईसारखी

युद्धानंतर ते आधी ऑक्सफर्डला, मग १९२३ पासून केंब्रिजला शिकवू लागले. या काळात त्यांनी पक्ष्यांकडे लक्ष वळवले. १९२१ मध्ये कोंबड्यांमधील जनुकांच्या जोडणीवर त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बघू, ते अगदी याच विषयातले आहे.

माणसात मुलीकडे एक्स-एक्स आणि मुलाकडे एक्स-वाय गुणसूत्रे असतात. पक्ष्यांत उलटे असते. नराकडे दोन सारखी, झेड-झेड. मादीकडे दोन वेगळी, झेड-डब्ल्यू. झेब्रा फिंचचा तपकिरी रंग, ज्याला दुकानदार फॉन म्हणतात, त्याचे जनुक झेड गुणसूत्रावर आहे आणि ते अप्रभावी आहे. मादीकडे झेड एकच. त्यावर फॉनचे जनुक आले की तिचा रंग फॉनच, लपायला जागा नाही. म्हणून मादी फॉनसाठी स्प्लिट असूच शकत नाही. नराकडे झेड दोन, त्यामुळे तो राखाडी दिसूनही फॉन लपवू शकतो.

फॉन नर आणि राखाडी मादी यांची जोडी घ्या. मुलीला झेड मिळते फक्त बापाकडून, आईकडून तिला डब्ल्यू मिळते. म्हणून सगळ्या मुली फॉन. मुलाला एक झेड बापाकडून फॉनचे आणि एक आईकडून राखाडीचे मिळते. म्हणून सगळी मुले राखाडी, पण सगळीच स्प्लिट. जोडी उलटी लावली, राखाडी नर आणि फॉन मादी, तर सगळीच पिल्ले राखाडी दिसतील. फॉन गेला असे वाटेल, पण तो मुलांमध्ये लपून राहील. अशा स्प्लिट मुलाची जोडी राखाडी मादीशी लावा, मुलींपैकी सरासरी निम्म्या फॉन निघतील. वहीत चौकट आखून मुलांकडून करून घ्या, पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमते. कोंबडीपालनात या नियमाचा मोठा फायदा होतो. जोडी विचाराने निवडली की एक दिवसाच्या पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी ओळखता येते.

१९२२ मध्ये हाल्डेन यांनी एक नियम मांडला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांचा संकर केला आणि पिल्लांमधील एकच लिंग वांझ निघाले, कमी निघाले किंवा जन्मलेच नाही, तर ते लिंग कोणते असते? ज्याच्याकडे दोन वेगळी गुणसूत्रे असतात ते. म्हणजे सस्तन प्राण्यांत नर आणि पक्ष्यांत मादी.

लाल कॅनरी आणि काळी बाजू

हा नियम फिंचच्या पिंजऱ्यात कसा दिसला याची गोष्ट जर्मनीतली आहे. ब्रेमेन शहरात हान्स डुंकर नावाचे शिक्षक होते. हो, शाळेतले शिक्षकच. कॅनरी पिवळा असतो. १९२० च्या दशकात डुंकर यांनी त्याला लाल करायचे ठरवले. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला भागातला लाल सिस्किन हा दुसऱ्या जातीचा फिंच आणला आणि कॅनरीशी त्याचा संकर केला. संकरातल्या माद्या वांझ निघाल्या, काही नर मात्र पिल्ले देऊ शकले. हाल्डेन यांचा नियम म्हणतो तसेच. त्या नरांची जोडी पुन्हा कॅनरी माद्यांशी लावत लावत लालसर पक्षी मिळाले. पण खरा लाल काही मिळेना. डुंकर यांचा विश्वास होता की रंग म्हणजे फक्त जनुके. खरे तर हा लाल रंग पक्षी खाण्यातून घेतलेल्या पिवळ्या द्रव्यापासून बनवतो. जनुक हवे आणि खाणेही हवे. पुढे लोकांनी खाण्यात गाजरासारख्या गोष्टी दिल्या तेव्हा लाल कॅनरी लाल झाला. पिवळ्याचे लाल करणारे हे जनुक २०१६ मध्ये नेमके सापडले, त्याचे नाव सीवायपी-टू-जे-नाइन्टीन. झेब्रा फिंचची चोच लाल असते तीही याच्यामुळेच. पिवळ्या चोचीचे जे झेब्रा फिंच असतात त्यांच्यात याच ठिकाणी बिघाड आढळला. रानातल्या लाल सिस्किनला मात्र या हौसेची फार मोठी किंमत मोजावी लागली. पिंजऱ्यासाठी इतके पक्षी पकडले गेले की आज ती जात संकटात आहे.

पण डुंकर यांची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. पक्ष्यांच्या जोड्या निवडून हवा तो रंग काढता येतो, नको तो काढून टाकता येतो, तर माणसांचे का नाही, असा विचार तेव्हा अनेक देशांत बोकाळला होता. नाझी राजवटीत डुंकर या वंशशुद्धीच्या विचाराचे प्रचारक झाले. जुलै १९३३ मध्ये जर्मनीने कायदा केला आणि ज्यांना आनुवंशिक रोगी ठरवले त्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. १९४५ पर्यंत सुमारे ४ लाख माणसे याला बळी पडली.

हाल्डेन तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक होते. जर्मनीतून हाकललेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी आपल्या विभागात जागा मिळवून दिली. हान्स ग्र्यूनेबर्ग हे त्यांपैकी एक, जे पुढे उंदरांच्या आनुवंशिकतेचे जाणकार म्हणून प्रसिद्ध झाले. आणि १९३८ मध्ये ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या पुस्तकात त्यांनी वंशशुद्धीच्या दाव्यांची तपासणी केली. माणुसकीचा मुद्दा तर होताच. पण गणिताने पाहिले तरी हे दावे टिकत नव्हते.

ते गणित आपल्या फिंचवर करून बघा. समजा एखाद्या मोठ्या थव्यात १०,००० पक्षी आहेत, जोड्या आपापल्या लागतात आणि त्यात १ पांढरा आहे. पांढरा व्हायला पांढऱ्याची दोन जनुके लागतात. १०,००० चे वर्गमूळ १००, म्हणजे एकूण जनुकांपैकी शंभरातले १ पांढऱ्याचे आहे. मग राखाडी दिसणारे पण पांढरा लपवणारे पक्षी किती? २ गुणिले १ भागिले १०० गुणिले ९९ भागिले १००, म्हणजे १०,००० मध्ये १९८. आता कुणी तो एक पांढरा पक्षी थव्यातून काढून टाकला आणि थवा शुद्ध झाला म्हणून सांगितले, तर? १९८ पक्षी अजून आत आहेत आणि त्यांना ओळखणार कसे? दर पिढीला हेच करत राहिले तरी ते जनुक संपायला शेकडो पिढ्या लागतात. शिवाय नवे उत्परिवर्तन मधूनमधून होतच असते. १९३५ मध्ये हाल्डेन यांनी हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजारावरून माणसातील उत्परिवर्तनाचा वेग काढून दाखवला होता. म्हणजे एक दार बंद केले तरी दुसरे उघडेच. वरून दिसणाऱ्या रूपावरून माणसाचे रक्त ठरवणाऱ्यांना हे उत्तर होते, आणि माझ्या मते हाल्डेन यांच्या सगळ्या कामात हेच सर्वांत मोलाचे.

हाल्डेन काही देवमाणूस नव्हते हेही सांगायला हवे. स्वभाव तापट, बोलणे फटकळ, भांडणे भरपूर. ते कट्टर साम्यवादी होते. सोव्हिएत रशियात लायसेन्को या माणसाने आनुवंशशास्त्रच खोटे ठरवले आणि खऱ्या शास्त्रज्ञांना तुरुंगात जावे लागले, तेव्हा हाल्डेन यांनी स्पष्ट विरोध करायला फार वेळ लावला. हिटलरच्या विरोधात जी हिंमत त्यांनी दाखवली ती इथे दिसली नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले.

मुलांसाठी त्यांनी एक गोष्टींचे पुस्तकही लिहिले, ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’, एका जादूगाराच्या गमतीजमतींचे. इंग्रजी वाचता येणाऱ्या मोठ्या मुलांना जरूर द्यावे.

भारतात

१९५७ मध्ये हाल्डेन आणि त्यांच्या पत्नी हेलन स्परवे (त्याही आनुवंशशास्त्रज्ञ) कायमचे भारतात आले. सुएझ कालव्याच्या प्रश्नात ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला त्याचा निषेध, हे एक कारण त्यांनी दिले होते. पण भारताची ओढ आधीपासूनची होती. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे ते रुजू झाले. अंगात सुती कुर्ता आला, जेवण शाकाहारी झाले. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’चे ते संपादक होते, ते नियतकालिकही त्यांनी सोबत आणले. ज्यात स्प्रंट आणि नाओमी यांच्यासह त्यांचा तो उंदरांचा निबंध छापला होता, तेच.

इथल्या तरुणांना त्यांनी सांगितले ते आपल्या शाळांच्या फार कामाचे आहे. महागडी यंत्रे नाहीत म्हणून अडून बसू नका, आजूबाजूला बघा आणि मोजा. नारळाच्या झाडाची पाने डावीकडे वळत जातात की उजवीकडे, हे टी. ए. डेव्हिस यांनी हजारो झाडांवर मोजले. सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासोबत माळटिटवीच्या घरट्यांवर तासन्‌तास नजर ठेवली, आणि ते काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. पक्षी मारायचा नाही, पकडायचा नाही, फक्त बघायचा आणि लिहायचे. आपल्याकडे दिल्ली गेटजवळ सलीम अली सरोवर आहे. अशा ठिकाणी मुलांना वही-पेन्सिल देऊन तासभर बसवावे.

पक्ष्यांच्या रंगाचे कोडे तर सह्याद्रीतही आहे. पांढऱ्या पाठीची मुनिया आपल्या पश्चिम घाटात राहते, रंग गडद तपकिरी. हिच्याच चीनकडच्या भाऊबंदांपासून जपानी लोकांनी दोन-अडीचशे वर्षांत पिंजऱ्यातला बंगाली फिंच घडवला. नाव बंगाली, पण बंगालशी काही संबंध नाही. त्यात पांढरे, चॉकलेटी, ठिपक्यांचे, तुऱ्याचे असे कितीतरी प्रकार आहेत. रानात असा पांढरा पक्षी जन्मला तर शिकाऱ्याच्या नजरेत लगेच येतो. पिंजऱ्यात त्याला माणूस जपतो, मागे लपलेल्या रंगांना पुढे यायला वाव मिळतो.

महालनोबिस यांच्याशी मतभेद झाल्यावर १९६१ मध्ये हाल्डेन संस्थेतून बाहेर पडले. भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले होते. ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि तिथे आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभी करू लागले. तिला पुरती दोन-अडीच वर्षेही मिळाली नाहीत. कर्करोगाचे निदान झाले, लंडनला शस्त्रक्रिया झाली. या आजारावर त्यांनी चक्क विनोदी कविता लिहिली आणि १९६४ मध्ये छापली, लोकांनी लाज न बाळगता वेळेवर डॉक्टरकडे जावे म्हणून. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

जिवंतपणी ते स्वतःवर प्रयोग करत आलेच होते. मृत्यूनंतर देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, आणि तो आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ मधली काही वर्षे बंद पडले होते. १९८५ पासून ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडून निघते.